गाठीचे भाकीत आणि जिल्ह्याचे कर्तव्य

स्तनाच्या कर्करोगात स्त्रीचा प्राण स्तनातल्या गाठीने जात नाही. ती गाठ जेथे उगवली तेथेच थांबली असती, तर तिने क्लेश दिले असते, कदाचित स्तनही गमवावा लागला असता, परंतु जीव वाचला असता. जीव जातो तो त्या गाठीतून सुटलेल्या पेशी रक्ताच्या आणि लसिकेच्या वाटेने हाडांत, यकृतात, फुप्फुसांत किंवा मेंदूत जाऊन तेथे नवे ठाणे वसवितात म्हणून. त्यामुळे निदान कानी पडताच रुग्ण स्त्रीच्या आणि तिच्या माणसांच्या मनात ‘आता हे पसरेल का?’ असा जो पहिला प्रश्न उभा राहतो, तो भयापोटी आलेला असला तरी शास्त्राच्या दृष्टीनेही तोच मुख्य प्रश्न आहे. २०२२ ह्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. ह्या आकड्यांमागील प्रत्येक घरात तो प्रश्न विचारला गेला असणार; किती घरांना त्याचे उत्तर मिळाले, हा विचार आपण आजवर पुरेशा गांभीर्याने केलेला नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, त्या उत्तराचा बराचसा भाग गाठीच्या तुकड्यातच असतो, तो वाचण्याची विद्या आज आपल्या हाताशी आहे, तिचा पायाभूत अंश सामान्य शासकीय रुग्णालयाच्या आवाक्यातला आहे, आणि म्हणून जालन्यासारख्या जिल्ह्यातील प्रत्येक रुग्ण स्त्रीला ते उत्तर लेखी व मुदतीत मिळणे हा तिचा हक्क मानला गेला पाहिजे.

रोगाच्या प्रसाराविषयीचा आधुनिक विचार ज्या निबंधापासून सुरू झाला असे मानतात, तो लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि त्यांना असे आढळले की, रोग शरीरात वाटेल तसा विखुरत नाही. काही अवयवांत तो वारंवार रुजतो, तर तितकेच रक्त पोहोचणाऱ्या दुसऱ्या अवयवांत क्वचितच. त्यावरून त्यांनी कर्कपेशीला बीजाची आणि अवयवाला भूमीची उपमा दिली: बी वाऱ्यावर सर्व दिशांना जाते, पण उगवते ते अनुकूल भूमीतच. हा सिद्धांत जालन्याच्या वाचकाला फोड करून सांगावा लागू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ह्या गावी महिको ह्या बियाणे कंपनीची स्थापना केल्यापासून जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. बियाण्याच्या थैलीवर त्याची उगवणशक्ती नोंदविलेली असावी हा १९६६ च्या बियाणे अधिनियमाचा दंडक येथील दुकानदाराच्या आणि शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला आहे. आणि पेरणीपूर्वीच पिकाचा अंदाज बांधता येतो, बांधला पाहिजे, हे येथे कोणालाही नवे नाही. गाठीच्या तपासणीतून जी विद्या प्रसाराचे भाकीत करू पाहते, तिचा गाभा हाच आहे: बीजाचा जोम किती, त्याला कोणत्या खताने पोषण मिळते, आणि ते कोठे रुजण्याचा संभव आहे.

अर्थात केवळ नजरेने हे ओळखता येत नाही. पूर्वी वैद्य गाठीचा आकार मोजीत, काखेतल्या लसिकाग्रंथींपैकी किती ग्रंथींत रोग पोहोचला हे पाहत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे रूप किती विकृत झाले आहे त्यावरून रोगाची श्रेणी ठरवीत. ही तिन्ही परिमाणे आजही अत्यंत मोलाची आहेत आणि ती टाकून देण्याचा विचार कोणीही शहाणा माणूस करणार नाही. परंतु ज्यांच्या गाठीचा आकार सारखा, काखेतील स्थिती सारखी, वयही सारखे, अशा दोन स्त्रियांपैकी एक वीस वर्षे सुखाने संसार करते आणि दुसरीच्या यकृतात दोन वर्षांच्या आत रोग प्रकटतो, ह्या विषमतेचे कारण ती परिमाणे सांगू शकत नव्हती. ते कारण पेशीच्या अंतरंगात शोधावे लागले. १८९६ साली ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी बीजाशये काढून टाकल्यावर काही स्त्रियांचा वाढलेला रोग ओसरतो असे दाखविले. पण तो काहींचाच का ओसरतो, हे कोडे साठ वर्षे सुटले नाही. शिकागोचे एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील काळात असे सिद्ध केले की, काही गाठींच्या पेशींत स्त्रीसंप्रेरक ग्रहण करणारे विशिष्ट प्रथिन असते. ज्यांत ते असते त्याच गाठी संप्रेरकाच्या बळावर वाढतात आणि ते बळ काढून घेताच खचतात. १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेनिस स्लॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हर-टू नावाच्या जनुकाच्या प्रती ज्या गाठींत अवाजवी वाढलेल्या असतात, त्या गाठी अधिक त्वरेने उलटतात असे दाखविले. ही दोन्ही चिन्हे आज जगभरच्या तपासणीचा पाया बनली आहेत.

ह्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा अभिमान वाटावा असा आहे. मुंबईच्या परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उचलली. आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडलेल्या, १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू ह्यांचा त्या रोगाशी असलेला संबंध अभ्यासला. विदुषी म्हणून मिळालेल्या लौकिकावर त्यांनी समाधान मानले नाही. उत्तर आयुष्यात तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात जाऊन आदिवासी मुलांच्या पोषणाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. प्रयोगशाळेतील ज्ञान आणि गावातील माणूस ह्यांच्यामधील अंतर तोडले पाहिजे, ही त्यांच्या जीवनाची शिकवण प्रस्तुत विषयाला तंतोतंत लागू पडते.

आता गाठीच्या तुकड्यातून काय वाचता येते ते पाहू. चार चाचण्या सामान्यतः पायाभूत मानल्या जातात: इस्ट्रोजेन-ग्राहक, प्रोजेस्टेरॉन-ग्राहक, हर-टू आणि के-आय-६७; रुग्णालयांच्या बोलीत त्यांना ‘ईआर, पीआर, हर-टू, केआय’ म्हणतात. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढतात आणि त्यांवर रंगयुक्त प्रतिपिंडांची प्रक्रिया करतात. जे प्रथिन शोधावयाचे ते असेल तर तेथे रंग चढतो. ईआर असणाऱ्या गाठी सामान्यतः संथ असतात, परंतु त्यांचा धोका दीर्घकाळ रेंगाळतो. पाच वर्षे निर्धोक गेल्यावरही, कधी पंधरा-वीस वर्षांनी, रोग बहुधा हाडांत पुन्हा डोके वर काढू शकतो. हर-टू प्रबळ असलेल्या गाठी उपचाराविना वेगाने पसरतात आणि मेंदूकडे त्यांची ओढ अधिक असते. ज्यांत ईआर, पीआर आणि हर-टू ही तिन्ही नसतात, त्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठींचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांतच सर्वाधिक असतो, तो काळ निभावला की पुष्कळ ओसरतो. पाश्चात्त्य देशांत अशा गाठींचे प्रमाण शंभरात दहा ते पंधरा असते; भारतातील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात ते तीसच्या आसपास आढळले. के-आय-६७ हे पेशीविभाजनाच्या वेगाचे माप होय. ते फार कमी किंवा फार जास्त असेल तेव्हा विश्वासार्ह, मधल्या पट्ट्यात मात्र एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळेलच असे नाही, म्हणून केवळ त्याच्या आधारावर मोठा निर्णय घेऊ नये असे तज्ज्ञांचे मत आहे.

ह्या चाचण्यांचे खरे मोल असे की, त्या भाकिताबरोबर उपायही सुचवितात. ईआर असलेल्या स्त्रीला पाच वर्षे टॅमॉक्सिफेनची गोळी दिली, तर पहिल्या दशकातील पुनरुद्भव जवळजवळ निम्म्याने आणि मृत्यू सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटतात. आणि ही गोळी अत्यंत स्वस्त आहे. हर-टू प्रबळ असेल तर १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रॅस्टुझुमॅब हे औषध रोगाची गतीच बदलून टाकते. गेल्या दशकात भारतीय कंपन्यांनी त्याच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या. उलटपक्षी ज्या स्त्रीची ईआर चाचणीच झाली नाही, किंवा चुकीची झाली, तिला ती स्वस्त गोळी मिळत नाही. आणि ज्या स्त्रीच्या गाठीला किमोची गरज नव्हती, ती सहा-आठ चक्रे सोसते, केस गमावते, मजुरी बुडविते आणि कर्जबाजारी होते. चुकलेल्या भाकिताचा भार असा दोन्ही बाजूंनी स्त्रीवरच पडतो.

चार चिन्हांच्या पुढे जाऊन गाठीतील अनेक जनुकांची एकत्र वाचणी करण्याचा प्रयत्न ह्या शतकाच्या आरंभी झाला. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००२ साली ७० जनुकांची, तर अमेरिकेतील संशोधकांनी २००४ साली २१ जनुकांची चाचणी पुढे आणली. ह्या चाचण्यांची कसोटी कागदावर थांबली नाही. युरोपातील सुमारे ६,७०० स्त्रियांच्या अभ्यासात, नेहमीच्या लक्षणांवरून ज्यांचा धोका जास्त वाटत होता परंतु ७० जनुकांच्या चाचणीने तो कमी ठरविला, अशा ज्या स्त्रियांना किमो दिली नाही, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे ९५ जणी पाच वर्षांनी दूरच्या प्रसारापासून मुक्त होत्या. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अमेरिकन अभ्यासाने असे दाखविले की, २१ जनुकांच्या चाचणीत मध्यम गुण मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांना, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांना, संप्रेरक-उपचारावर किमोची भर घालून काही लाभ होत नाही. हजारो स्त्रियांची यातना वाचविणारे हे ज्ञान आहे. परंतु नमुना परदेशी पाठवून करावयाच्या अशा चाचणीचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो, आणि अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी तेवढी रक्कम एकरकमी दिसत नाही.

म्हणूनच ह्या क्षेत्रातील एका भारतीय प्रयत्नाची दखल घेणे अगत्याचे आहे. डॉ. मंजिरी बाकरे यांनी २०११ साली बेंगळुरूत स्थापन केलेल्या ऑन्कोस्टेम ह्या संस्थेने ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ नावाची चाचणी विकसित केली. तिच्यात जनुकांऐवजी पाच प्रथिने मोजतात. ही प्रथिने पेशींना एकमेकींपासून सुटण्यास, स्थलांतर करण्यास किंवा औषध बाहेर फेकण्यास साहाय्य करणारी आहेत. त्यांच्या मापांची गाठीचा आकार, श्रेणी आणि काखेतील ग्रंथींची स्थिती ह्यांच्याशी संगणकीय सूत्राने सांगड घालून पाच वर्षांत दूरवर प्रसार होण्याचा धोका कमी की अधिक, असा निर्णय दिला जातो. ती मेणाच्या त्याच ठोकळ्यावर होते, परदेशी चाचण्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, आणि तिची पडताळणी भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवर करून २०१९ साली प्रसिद्ध केली गेली. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे: आरंभीच्या अवस्थेतील, ईआर असलेल्या आणि हर-टू नसलेल्या गाठींपुरतीच ती उपयोगी आहे. तरीही तिचे महत्त्व आगळे आहे, कारण आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने सुमारे एक दशक आधीच्या वयात आढळतो, गाठी बहुधा मोठ्या असतात, आणि परक्या देशातील स्त्रियांच्या नोंदींवर बेतलेले सूत्र आपल्या लेकीसुनांना जसेच्या तसे लागू पडेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

एवढे विवेचन केल्यावर आपण जालना जिल्ह्याकडे वळू. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या ह्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. मंठा किंवा परतूर तालुक्यातील गावच्या बाईला आधी जालना गाठावे लागते आणि तेथून पुढे साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. हे रुग्णालय २०१२ साली सुरू झाले आणि पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. मराठवाड्यातील गरिबांना त्याचा मोठा आधार आहे. परंतु पुष्कळ गाठींचा प्रवास तेथून सुरू होत नाही. तो सुरू होतो तालुक्याच्या गावी, जेथे ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ असे म्हणून गाठ काढली जाते. जेथे सुईने आधी तुकडा घेऊन निदान करण्याचा शिरस्ता पाळला जातोच असे नाही. आणि जेथे काढलेली गाठ कधी तुकडा टिकविणाऱ्या फॉर्मॅलिन ह्या द्रवात पण अपुऱ्या प्रमाणात, कधी नुसत्या सलाइनमध्ये घालून नातेवाइकाच्या हाती दिली जाते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे गेलेला असताना ती बाटली पिशवीत घालून एसटीने जाते. हा तपशील क्षुल्लक वाटेल; पण सर्व भाकिताची नाडी नेमकी येथे आहे.

कारण असे की, शरीराबाहेर आलेला तुकडा त्याच क्षणापासून विघटित होऊ लागतो. ईआर आणि हर-टू चाचण्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष स्पष्ट आहेत: तुकडा बाहेर काढल्यापासून एका तासाच्या आत तो दहा टक्के उदासीन फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, मोठी गाठ असेल तर द्रव आत पोहोचावा म्हणून तिला चिरा दिल्या पाहिजेत, द्रवाचे आकारमान तुकड्याच्या सुमारे दहापट असावे, आणि तो सहा तासांहून कमी व बहात्तर तासांहून अधिक काळ त्यात राहू नये. ह्यांत कसूर झाली तर जे ग्राहक-प्रथिन गाठीत खरोखर होते ते चाचणीत दिसत नाही, अहवालावर ‘निगेटिव्ह’ असा शेरा पडतो, आणि जी स्त्री काही रुपयांच्या गोळीने वाचली असती ती त्या गोळीला मुकते. पुढे तिच्या नमुन्यावर कितीही प्रगत चाचणी केली, संगणकाचे कितीही कुशल सूत्र लावले, तरी नासलेल्या तुकड्यातून सत्य निघणार नाही. तासाभराच्या दक्षतेने जे साधते ते नंतर लाखो रुपये खर्चूनही साधत नाही.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो प्रामाणिक आहे. जेथे स्त्रिया रुग्णालयात येतात त्याच मुळी गाठ फुटल्यावर, तेथे प्रसाराच्या भाकिताची भाषा कशाला? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी स्तनतपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया शंभरात एकही भरल्या नाहीत. मग आधी तपासणीची तजवीज का करू नये? तपासणी अवश्य करावी, आणि ती कशी करावी ह्याचा धडा महाराष्ट्रानेच जगाला घालून दिलेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांत एका गटाची दर दोन वर्षांनी, प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या हातून, कोणत्याही यंत्राविना तपासणी झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पुढच्या अवस्थेत सापडणाऱ्या रोगाचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांतील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. परंतु तपासणी आणि भाकीत ह्यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानणे चूक आहे. गाठ लवकर सापडली आणि तिचा स्वभाव न ओळखता कसाही उपचार झाला, तर लवकर सापडल्याचे पुष्कळसे पुण्य वाया जाते; म्हणून सेविकेने गाठ शोधणे आणि प्रयोगशाळेने तिचा स्वभाव सांगणे ही दोन्ही कामे एकाच व्यवस्थेत गुंफली पाहिजेत.

दुसरा आक्षेप असा की, असे भाकीत सांगून बाईला उगीच घाबरवू नये. ह्यामागील माया समजण्यासारखी आहे. परंतु आपल्याकडे ह्याच मायेपोटी अहवाल नवऱ्याला किंवा मुलाला सांगितला जातो आणि जिच्या देहाचा तो अहवाल आहे तिला मात्र ‘काही नाही, साधी गाठ आहे’ असे सांगितले जाते. मग ती गोळी मध्येच सोडते, कारण पाच वर्षे ती का घ्यावयाची हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. शिवाय हे भाकीत म्हणजे ललाटरेषा नव्हे. शंभर स्त्रियांपैकी किती जणींत रोग उलटेल हे ते सांगते. अमुक एक बाई त्या शंभरात कोठे आहे हे ते सांगू शकत नाही. आणि उपचाराने तो आकडा बदलतो म्हणूनच ते सांगावयाचे असते. कोणत्याही डॉक्टरने ते निर्णयाच्या आविर्भावात न सांगता निवडीचे साधन म्हणून, तिच्या भाषेत आणि तिच्या समक्ष सांगितले, तर भय वाढण्यापेक्षा धीर येण्याचाच संभव अधिक.

प्रसार रोखण्याचे उपाय महागच असतात, हा समजही टाकून दिला पाहिजे. टाटा स्मारकाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील अकरा केंद्रांत १,६०० स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीच्या सभोवार लिग्नोकेन हे दात काढतानाही वापरले जाणारे सामान्य बधिरीकरणाचे औषध टोचले असता, पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. ज्या औषधाची कुपी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात असते, तिने एवढे साधले. स्वतःच्या स्त्रियांचा अभ्यास करणारा देश स्वतःला परवडणारे उपाय शोधू शकतो, ह्याला याहून सबळ दाखला कोणता हवा?

तेव्हा जिल्ह्यापुढे ठेवावयाच्या सूचना अशा. प्रत्येक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयात, आणि जेथे शस्त्रक्रिया होते अशा प्रत्येक खासगी दवाखान्यात, योग्य फॉर्मॅलिन भरलेल्या मोठ्या तोंडाच्या बरण्या पुरविल्या जाव्यात. त्यांवरील चिठ्ठीवर तुकडा काढल्याची वेळ आणि द्रवात घातल्याची वेळ अशा दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात. ही बरणी नातेवाइकाच्या हाती न देता शासकीय वाहनाने प्रयोगशाळेत जावी. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात ह्या पायाभूत चाचण्यांची सोय व्हावी, बाहेरील संस्थेकडून तिच्या अचूकतेची नियमित पडताळणी व्हावी, आणि हर-टूचा निकाल संदिग्ध येईल तेव्हा जी पुढील जनुकीय चाचणी लागते तिच्यासाठी संभाजीनगर व मुंबई येथील संस्थांशी करार व्हावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचार होतात; त्याच धर्तीवर निदानाच्या ह्या चाचण्यांची तरतूद इतकी स्पष्ट असावी की, पैशांअभावी कोणाचाही तुकडा तपासणीविना राहू नये; आणि जेथे डॉक्टरला किमोविषयी खरोखर संदेह आहे तेथे भारतीय बनावटीच्या पुढील चाचणीचाही विचार व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली रुग्ण प्रथम आल्यापासून साठ दिवसांत निदान पूर्ण व्हावे असे उद्दिष्ट ठेवले. जिल्ह्याने हीच मुदत आपल्या दप्तरी बंधनकारक म्हणून लिहून घ्यावी.

ऊसतोडीची बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. जिची गाठ आश्विनात काढली तिचा अहवाल आला तेव्हा ती दोनशे कोसांवर मोळ्या बांधीत असेल, तर त्या अहवालाचा उपयोग काय? अशा स्त्रीचा अहवाल आशा कार्यकर्तीच्या हाती यावा, दूरध्वनीने तिला कळवावा, आणि ती जेथे असेल तेथील आरोग्य केंद्रातून तिला टॅमॉक्सिफेन मिळावे, एवढी जोडणी राज्याच्या आरोग्य खात्याला अशक्य नाही.

शेवटची सूचना नोंदीची. महाराष्ट्राला कर्करोगनोंदणीची मोठी परंपरा आहे: मुंबईची नोंदणी १९६३ साली सुरू झाली, देशातील पहिली, आणि १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शीत शक्य झाले ते जालन्यात अशक्य नसावे. प्रत्येक रुग्ण स्त्रीची चार चिन्हे, काखेतील स्थिती, दिलेला उपचार आणि पाच, दहा, पंधरा वर्षांनंतरची तिची अवस्था, एवढी माहिती नीट जपली गेली, तर दहा वर्षांनी कोणतीही नवी चाचणी पुढे आली असता ती आपल्या स्त्रियांना लागू पडते की नाही हे आपल्याच नोंदींवरून ठरविता येईल. मेणाचे ठोकळेही जपून ठेवले पाहिजेत, कारण आज न वाचता येणारे पुष्कळ काही त्यांतून उद्या वाचता येईल. ज्या जिल्ह्याने बियाण्यांच्या संशोधनात देशाला मार्ग दाखविला आणि श्री गणपती नेत्रालयासारखी संस्था आपल्या भूमीत उभी केली, त्या जिल्ह्यातील उद्योजक, डॉक्टर आणि लोकप्रतिनिधी मनावर घेतील तर हे कार्य त्यांच्या शक्तीबाहेरचे नाही.

जिल्हा परिषदेने आणि जिल्हा नियोजन समितीने ह्या कामासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी, ही मागणी आम्ही पूर्ण जबाबदारीने करीत आहोत. आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक भगिनीस विनंती अशी की, स्तनात गाठ हाताला लागली तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. गाठ काढण्यापूर्वी सुईने तुकडा तपासून घ्यावा असा आग्रह धरा. ईआर, पीआर, हर-टू आणि के-आय-६७ ह्या चारही चाचण्यांचा निकाल लेखी मागून घ्या, त्याचा अर्थ डॉक्टरांकडून स्वतः समजून घ्या, आणि तो कागद शिधापत्रिकेइतक्याच काळजीने घरात जपून ठेवा.